ऑनलाइन कस्टमर केअर दाद देत नाही, आता काय करायचं? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की एसी, कूलर आणि फ्रिजचे प्रश्न येतात, दिवाळीनंतर रिफंडचे. बँक, यूपीआय आणि मोबाइलचे तर बारा महिने चालूच असतात. नागपूर आणि आसपासचे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, तेच इथे घेतले आहेत. पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट पक्की धरा: चॅटवर बोलणं वेगळं आणि तक्रार करणं वेगळं. आठवडे चॅटमध्ये जातात, माणूस थकून सोडून देतो आणि हातात एक तारीखसुद्धा नसते. ती तारीख मिळवायची, ती कागदावर आणायची आणि मग योग्य ठिकाणी जायचं. खालची बहुतेक उत्तरं याच कामाची आहेत.

१. चॅटबॉट तेच तेच विचारतो, माणूस काही भेटत नाही. खऱ्या माणसापर्यंत कसं पोहोचायचं?

बॉट आधी पर्यायांची यादी दाखवतो. तुम्ही एक निवडता, तो एक लेख उघडून देतो आणि विचारतो, "तुमची अडचण सुटली का?" 'नाही' दाबलं की पुन्हा तीच यादी. 'हो' मात्र चुकूनही दाबू नका, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर तिकीट बंद होतं.

मुख्य मदत पानावरून चॅट सुरू करू नका. 'माझ्या ऑर्डर्स'मध्ये जाऊन त्याच ऑर्डरवरून सुरू करा. लांबलचक कहाणी न लिहिता "एजंटशी बोलायचं आहे" एवढंच लिहा, तरी ऐकत नसेल तर तेच पुन्हा लिहा. एजंट आला की पहिलं काम तिकीट क्रमांक मागण्याचं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या मंचाने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा असतो, म्हणजे तिचं पुढे काय झालं ते ग्राहकाला पाहता येतं. चॅट बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. काही ॲपमध्ये खिडकी बंद केली की सगळा संवाद दिसेनासा होतो.

पंधरा-वीस मिनिटांत काही हाती लागलं नाही तर तिथे आणखी वेळ घालवू नका. प्रश्न २ कडे वळा.

२. चॅटवर तर सगळं सांगितलं होतं, मग पुन्हा मेल काहून करायचा? आणि करायचा कोणाला?

'तक्रार निवारण अधिकाऱ्याला'. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन विक्री मंचाला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, पद व संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात ती सोडवायची. चॅटवरचा मुलगा "२४ ते ४८ तासांत होईल" असं दर वेळी नव्याने सांगतो आणि घड्याळ दर वेळी शून्यावर येतं. अधिकाऱ्याच्या मेलची तारीख तशी पुसता येत नाही.

हा पत्ता सहज दिसत नाही. वेबसाइटच्या अगदी तळाशी 'नियम व अटी' किंवा 'गोपनीयता धोरण' असतं, बहुतेक वेळा तो तिथे सापडतो. ॲपमध्ये नसेल तर कंपनीची वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडून पाहा. पॅकबंद वस्तू असेल तर वेष्टनावरही ग्राहक तक्रारीसाठी पत्ता, फोन आणि असल्यास ई-मेल छापावा लागतो. म्हणून खोकं लगेच भंगारात देऊ नका, निदान त्या बाजूचा फोटो काढून ठेवा.

३. मेलमध्ये नेमकं काय लिहायचं? मला इंग्रजी नीट येत नाही.

मराठीत लिहा. कायद्याने इंग्रजीची सक्ती नाही. कंपनीला मराठी समजत नसेल तर भाषांतर करून घेणं तिचं काम. मेल असा असला की पुरे:

"विषय: ऑर्डर क्रमांक अमुक, फ्रिज थंड होत नाही, बदलून मिळण्याबाबत.

अमुक तारखेला तुमच्या ॲपवरून २३,९९० रुपयांना फ्रिज घेतला. तो अमुक तारखेला मिळाला. पहिल्या दिवसापासून खालचा कप्पा थंड होत नाही. अमुक तारखेला चॅटवर तक्रार केली, तिकीट क्रमांक अमुक. तंत्रज्ञ येऊन गॅस भरून गेला, दोन दिवसांत पुन्हा तेच. त्यानंतर मला न विचारता तिकीट बंद केलं. मला फ्रिज बदलून हवा आहे. ते शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत हवी. अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यावं, अन्यथा मी ग्राहक आयोगात तक्रार करीन. सोबत बिल, फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले आहेत."

यात राग नाही आणि विशेषणंही नाहीत. काय घेतलं, काय बिघडलं, केव्हा कळवलं, काय हवं आणि केव्हापर्यंत, एवढंच आहे. लोक बहुतेक वेळा चौथी गोष्ट विसरतात. दोन पानं मनस्ताप लिहितात आणि आपल्याला नेमकं काय पाहिजे ते लिहीतच नाहीत. मग कंपनी शंभर रुपयांचं कूपन देऊन मोकळी होते.

४. टेक्निशियन आलाच नाही आणि "तुमची तक्रार सोडवली आहे" असा मेसेज आला. असं कसं होऊ शकतं?

सर्रास होतं, आणि मे महिन्यात सगळ्यात जास्त. सर्व्हिस सेंटरला ठरावीक वेळेत तिकीट बंद करून दाखवायचं असतं. नागपुरात पारा ४५ वर गेला की एकेका तंत्रज्ञाच्या यादीत न संपणारी घरं असतात. मग मनीष नगरातल्या माणसाला सकाळी फोन येतो, "भाऊ, येतोच आहे, तेवढा ओटीपी सांगून ठेवा." ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत काम पूर्ण झालेलं असतं. बेसा-बेलतरोडीकडून "पार्सल घेऊन आलो होतो, ग्राहक घरी नव्हता" या नोंदीच्या तक्रारी येतात, त्यांचं मूळही हेच.

आमच्या शेजारच्या काकूंचा एसी मागच्या उन्हाळ्यात असाच 'दुरुस्त' झाला होता. काका हृदयरोगी, खोलीत फक्त कूलर, बाहेर लू. कस्टमर केअरला फोन केला की रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, "या क्रमांकावर कोणतीही प्रलंबित तक्रार नाही." काकूंनी शेवटी दोन गोष्टी केल्या. तंत्रज्ञ येणार होता त्या दिवसाच्या कॉल लॉगचा आणि सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीच्या पानाचा फोटो काढला. त्या वहीत त्या दिवशी कंपनीचा कोणीही आल्याची नोंद नव्हती. दोन्ही फोटो तक्रार अधिकाऱ्याला मेलने पाठवले. त्यानंतर माणूस आला, पीसीबी (एसीचा सर्किट बोर्ड) बदलून गेला.

तेव्हा काम डोळ्यांसमोर पूर्ण झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. खोटं तिकीट बंद झालं तर त्याच दिवशी त्या मेसेजला किंवा मेलला उत्तर द्या: "कोणीही आलेलं नाही, तक्रार कायम आहे." दुसऱ्या दिवशी नवीन तिकीट उघडू नका. नव्या तिकिटामुळे तुमची जुनी तारीख जाते.

५. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, फोन केला आणि खात्यातून पैसे गेले. आता?

वाचत बसू नका, आधी १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येतात ते लवकर कळवलं तरच. लगेच बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपा. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येतं.

बँकेकडून भरपाईचं काय? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची, आणि व्यवहार कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. पण ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ नोंदलेली असणं फार महत्त्वाचं.

हे घडतं कारण खऱ्या कंपन्या आपला नंबर लपवतात आणि भामटे त्या जागी आपला खोटा नंबर ठळकपणे लावतात. नंबर नेहमी ॲपमधून, बिलावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. समोरचा स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला सांगत असेल तर तिथेच फोन ठेवा. आणि पैसे *येण्यासाठी* यूपीआय पिन कधीच लागत नाही.

६. यूपीआयने पैसे कापले गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. ॲप म्हणतं बँकेला विचारा, बँक म्हणते ॲपला विचारा.

आधी ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन वाद नोंदवा, मग तोच यूपीआय व्यवहार क्रमांक देऊन तुमच्या बँकेकडे लेखी तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती ठरलेल्या आहेत. दुकानाला केलेलं पेमेंट अडकलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले असतील तर एका दिवसात. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तुम्ही न मागताही मिळायला हवी. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून कापल्या गेल्या, तरी पाच दिवस आणि १०० रुपये हाच हिशेब. बँकेला लिहिताना या परिपत्रकाचा उल्लेख जरूर करा. दाद मिळाली नाही तर प्रश्न ११.

७. कंपनी म्हणते "रिफंड झाला", खात्यात तर काहीच नाही.

"कधी येईल" असं विचारू नका, क्रमांक मागा. कार्डावर रिफंड असेल तर एआरएन, बँक खात्यात असेल तर यूटीआर. रिफंड खरंच पाठवला असेल तर हा क्रमांक कंपनीकडे असतोच, आणि तो घेऊन तुमची बँक पैसे शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल तर पैसे बहुधा अजून निघालेलेच नाहीत. मग प्रश्न २ प्रमाणे लेखी जा.

८. पैसे परत न देता ॲपच्या वॉलेटमध्ये टाकतात. घ्यावेच लागतात का?

नाही. पेमेंट ॲग्रिगेटरसाठी, म्हणजे ॲपच्या वतीने ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपन्यांसाठी, रिझर्व्ह बँकेचा नियम असा की, ग्राहकाने वेगळ्या मार्गाला स्पष्ट संमती दिली नसेल तर रिफंड पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने जायला हवा. अडचण या संमतीत आहे. "लगेच रिफंड मिळवा" असं मोठं बटण दिसतं, ते दाबलं की तुम्ही वॉलेटला हो म्हटलेलं असतं. खालची बारीक ओळ वाचा, बँक खात्याचा पर्याय तिथे असतो.

माल सदोष, नकली, जाहिरातीपेक्षा वेगळा किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आलेला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. "या वस्तूवर रिटर्न नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. उशीर मात्र विक्रेत्याच्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल तर त्याला सूट आहे.

९. १९१५ वर फोन करून खरंच काही होतं का?

होतं, पण ते न्यायालय नाही हे लक्षात ठेवून फोन करा. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय सुट्ट्या सोडून सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, १७ भाषांत बोलते आणि त्यांत मराठी आहे. पोर्टलवर आणि व्हॉट्सॲपवरही तक्रार नोंदवता येते. अनेक मोठ्या कंपन्या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, त्यांच्याकडे तक्रार थेट जाते. चॅटवर महिनाभर न हललेलं काम तिथून हलल्याचं वाचक वारंवार कळवतात.

हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. कंपनीने "आमच्या धोरणात बसत नाही" असं उत्तर दिलं की तक्रार तिथे बंद होते. त्याचा अर्थ तुम्ही हरलात असा नाही. ते उत्तर जपून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

१०. कंपनी बेंगळुरूची आहे. केस करायला तिकडे जावं लागेल? वकील किती घेईल?

तिकडे जावं लागत नाही आणि वकीलही लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा कामधंदा करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. नागपूरचा जिल्हा आयोग सिव्हिल लाइन्समध्ये आहे. पण ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, सुनावणीला व्हिडिओवर हजर राहण्याची विनंतीही करता येते.

वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालतं. ५ लाखांपर्यंत फी काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करावं लागतं. उशीर झाला असेल तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण त्या भरवशावर राहू नका. आजारपणाची फाइल जोडणाऱ्याचं आयोग ऐकतो, नुसतं "चॅट चालू होतं" म्हणणाऱ्याचं ऐकेलच असं नाही.

आधी नोटीस पाठवावीच असं कायदा म्हणत नाही. तरी पाठवा. सिव्हिल लाइन्समधल्या मुख्य पोस्टात किंवा जवळच्या कुठल्याही पोस्टात जाऊन, पोहोचल्याची पावती मागून स्पीड पोस्टने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे. बरीच प्रकरणं या टप्प्यावर मिटतात, कारण पत्र कंपनीच्या कायदा विभागाच्या टेबलावर जातं.

वेळ किती लागतो? कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात बरेचदा जास्त लागतात. तीनशे रुपयांसाठी जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फ्रिज, एसी, मोबाइल, विमानाचं तिकीट, क्लासची फी यांसाठी जायलाच हवं असं माझं मत आहे. मार्गदर्शन हवं असेल तर अखिल भारतीय ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा.

११. बँक, मोबाइल, वीज यांच्यासाठीही हेच का?

ग्राहक आयोगाचा रस्ता यांच्यासाठीही खुला असतो, पण आधी त्यांची स्वतंत्र दारं वाजवा, ती फुकट आहेत.

बँक, वॉलेट, फायनान्स कंपनी: आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिच्या तक्रार पोर्टलवरून. माहितीसाठी १४४४८. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत हेलपाटा घालू नका, कागदी तक्रारीसुद्धा चंदीगडच्या केंद्रात जातात.

मोबाइल आणि इंटरनेट: कंपनीकडे तक्रार करून डॉकेट (तक्रार) क्रमांक घ्या, मग कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. तिथे फी नाही. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे लिहून थांबू नका.

वीज: महावितरणचा ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. राज्यात विद्युत लोकपालाची कार्यालयं मुंबई आणि नागपूर इथे आहेत, म्हणजे आपल्याला मुंबई गाठायची गरज नाही.

१२. ॲपच्या अटींत लिहिलंय, "सर्व वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात" किंवा "लवादाकडे". मी तर 'मान्य' दाबलं होतं.

दाबलं असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. २०१९ च्या कायद्याचं कलम १०० सांगतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कस्टमर केअर या अटीवर बोट ठेवून घाबरवत असेल तर घाबरू नका.

१३. माझं इतवारीत दुकान आहे. दुकानासाठी मागवलेल्या मशीनचं काय?

इथे अडचण येते. व्यापारी उद्देशाने घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत 'ग्राहक' नसता. अपवाद एक: स्वतः राबून पोट भरण्यासाठी, म्हणजे स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहक आहात. स्वतः शिवणकाम करणाऱ्या ताईंचं शिलाई मशीन यात बसतं. दहा कारागीर ठेवणाऱ्याचं बसवणं कठीण. तक्रारीत "उदरनिर्वाहासाठी, स्वतः चालवण्यासाठी घेतलं" हे खरं असेल तर पहिल्याच परिच्छेदात लिहा. घरगुती वस्तूचं बिल जीएसटी क्रमांकावर घेऊ नका, समोरचा वकील आधी तेच दाखवतो.

१४. स्क्रीनशॉट आणि कॉल रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालतं का?

चालतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. १ जुलै २०२४ आधी हेच जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं. मूळ फाइल फोनमधून काढू नका. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि तिकीट क्रमांक दिसू द्या. फोनवर बोलणं झालं असेल तर लगेच मेल टाका: "आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीने असं असं सांगितलं." कंपनीने तो खोडला नाही तर तो तुमच्या बाजूने बोलतो.

१५. फुकट ॲपवरचं माझं अकाउंट अचानक बंद केलं. कोणी उत्तरच देत नाही.

पैसे दिलेले नसतील तर ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. इथे माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ कामाचे. समाजमाध्यमांनाही तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

१६. कंपनीला टॅग करून सोशल मीडियावर लिहू का?

लिहा, पटकन उत्तर येतं. पण ऑर्डर क्रमांक, फोन नंबर उघड टाकू नका. त्या पोस्टखाली कंपनीचा लोगो लावलेलं खोटं खातं लगेच "नंबर पाठवा" म्हणतं. पुढे काय होतं ते प्रश्न ५ मध्ये आहे. जे घडलं तेवढंच लिहा. आणि चॅटवरच्या किंवा फोनवरच्या मुला-मुलींना शिव्या देऊ नका. ती आपल्याच घरांतली मुलं आहेत, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसतं. धोरण ठरवणारे वेगळे, आणि तक्रार अधिकाऱ्याचा मेल त्यांच्यापर्यंत जातो.

१७. आयोगाने माझ्या बाजूने निकाल दिला, तरी कंपनी पैसे देत नाही.

आधी कंपनीने अपील केलं आहे का ते पाहा. जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण पैसे देण्याचा आदेश असेल तर त्यासाठी कंपनीला निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरातही बसतं, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या पडत नाहीत.

अपील नसेल तर दोन अर्ज करता येतात. कलम ७१ खाली वसुलीचा, जो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा चालतो. आणि कलम ७२ खाली शिक्षेचा: आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अर्जात कंपनीच्या संचालकांची नावं आणि नोंदणीकृत पत्ता द्या. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर दोन्ही पाहता येतात.